वेगवृद्धीची कलमे : खेळण्यातील रोलर कोस्टरच्या गाड्यांविषयी

खेळण्याच्या खोक्यावर मुलाचे किमान वय छापलेले असते. कमाल वय छापण्याची तसदी कोणत्याही कारखानदाराने घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. या एका त्रुटीचा लाभ घेऊन सुशिक्षित, नोकरीपेशाचे आणि एरवी जबाबदार म्हणून गणले जाणारे अनेक गृहस्थ रविवारच्या सकाळी दिवाणखान्यात गुडघे टेकून बसलेले आढळतात, आणि प्लॅस्टिकच्या मनोऱ्यावरून सुटलेली चिमुकली गाडी शेवटच्या उंचवट्यावर दम तुटून मागे का घसरते, या प्रश्नाचा छडा लावण्यात त्यांची दुपार होते. अशा गृहस्थास आप्तस्वकीयांकडून जो सल्ला मिळतो तो बहुधा तीन कलमी असतो : बॅटरी बदला, तेल घाला, किंवा हे सारे सोडून भाजी आणायला जा. यांपैकी पहिल्या दोन सूचना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्याज्य असून तिसरीचा विचार प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

विषय क्षुल्लक वाटून वाचकाने पाने उलटू नयेत म्हणून एक दाखला आरंभीच सादर करतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे १८८४ साली लामार्कस थॉम्सन यांनी पाच सेंट तिकीट आकारून जी रेल्वे लोकांच्या मनोरंजनार्थ सुरू केली आणि जिच्यापासून अमेरिकेतील रोलर कोस्टरच्या धंद्याची भरभराट झाली, तिचा वेग ताशी सुमारे सहा मैल होता. आता, घर्षण मुळीच नाही असे क्षणभर गृहीत धरल्यास, एक मीटर खाली येणाऱ्या कोणत्याही वस्तूस सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ दहा मैल इतका वेग प्राप्त होतो. तात्पर्य, आपल्या सतरंजीवरील मनोरा कमरेइतका उंच असला, तरी त्यावरील गाडीस थॉम्सनसाहेबांच्या गाडीस मागे टाकण्याचा निसर्गदत्त अधिकार आहे. तो अधिकार तिला उपभोगता येत नाही याची कारणे शोधणे व दूर करणे, एवढ्याचसाठी पुढील कलमे.

कलम पहिले : मंजूर रकमेविषयी

रोलर कोस्टरच्या गाडीस स्वतःचे इंजिन नसते. साखळी तिला शिखरावर नेऊन सोडते, आणि त्या क्षणी तिच्या खाती जी उंची जमा होते, तीच संपूर्ण फेरीसाठी एकरकमी मंजुरी होय; वाटेत पुरवणी मागणीची सोय नाही. पुढे जे काही घडते तो केवळ खर्च : उतारावर उंचीचा वेग होतो, चढावर वेगाची पुन्हा उंची होते, आणि या प्रत्येक उलाढालीत घर्षण नावाचा कारकून आपला हिस्सा मुकाट्याने काढून घेतो. म्हणून गाडीचा वेग ‘वाढविणे’ ही भाषाच मुळात सैल आहे. वेग वाढविता येत नाही. वाटेतील अफरातफर तेवढी रोखता येते. हे तत्त्व ज्याच्या अंगी मुरले त्याने उरलेली कलमे वाचली नाहीत तरी चालेल, परंतु असा वाचक विरळा.

बॅटरीचा प्रश्न येथेच निकालात निघतो. नव्या बॅटरीने साखळी जलद चालते हे खरे. परंतु गाडी शिखर ओलांडताना सेकंदास २० सेंटिमीटर वेगाने चालली होती की ४०, याने अर्धा मीटर उतारानंतरच्या वेगात एक टक्क्याचाही फरक पडत नाही. नव्या बॅटरीमुळे गाडी वर लवकर पोहोचते, आणि आपला अपेक्षाभंग लवकर होतो, एवढाच तिचा उपयोग. उंची मात्र खरोखर फळते, तीही काटकसरीने : वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट करावी लागते, आणि छताचा पंखा या बाबतीत कोणाचीही भीडमुर्वत ठेवीत नाही.

कलम दुसरे : तपासणीविषयी

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी तुटीचा अंदाज घ्यावा. रुळाचा एक मीटर लांबीचा सरळ तुकडा घेऊन त्याचे एक टोक पुस्तकांच्या साहाय्याने हळूहळू उचलावे, गाडीस बोटाचा किंचित धक्का द्यावा, आणि ती न थांबता व न वेग घेता एकसारखी चालू लागेल तेथे पुस्तके चढविणे तहकूब करावे. ते टोक तीन सेंटिमीटर वर असेल, तर आपली गाडी दर मीटरमागे तीन सेंटिमीटर उंची गमावते असे खुशाल नोंदवावे. मार्ग सहा मीटरांचा आणि शिखर ६० सेंटिमीटर उंचीचे असल्यास १८ सेंटिमीटर, म्हणजे मंजूर रकमेचा जवळजवळ तिसरा हिस्सा, सरळ मार्गावरच गहाळ होतो; वळणांवरील गळती निराळी. या साध्या चौकशीस यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही, आणि तिचा निष्कर्ष इतका अप्रिय असतो की तो खरा असण्याचीच शक्यता अधिक.

कलम तिसरे : चाके व आस यांविषयी

या गाड्यांची अनेक चाके केवळ भार वाहण्यासाठी नसतात. खऱ्या रोलर कोस्टरला वरून भार पेलणारी, बाजूने आवरणारी आणि रुळाखालून पकड ठेवणारी अशी तीन प्रकारची चाके असतात. यांपैकी रुळाखालच्या चाकांचे पेटंट अमेरिकन रचनाकार जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतले, आणि उंचवट्यावर गाडी रूळ सोडून आकाशमार्गे जाण्याचा धोका टळल्याने उतार अधिक उभे करण्याची मुभा मिळाली. खेळण्यातही या पकडीचे काही ना काही प्रतिरूप असते, आणि बहुतेक अफरातफर तेथेच होते. कारण पकड जरुरीपेक्षा घट्ट असली की गाडी सदैव ब्रेक लावूनच प्रवास करते. चाक आणि रूळ यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट असावी. त्याहून कमी असल्यास गाडी अडखळते, आणि फार अधिक असल्यास डुलत डुलत रुळाच्या कडांवर घासत जाते.

यानंतर गाडी उलटी करून चाकांचे तुंबे भिंगाखाली पाहावेत. तेथे जे सापडते त्याने कुटुंबाचा इतिहास उलगडतो : सतरंजीचे धागे, मांजर असल्यास मांजराचे केस, मांजर नसल्यास ज्यांचे असतील त्यांचे. आसाभोवती गुंडाळलेला हा ऐवज बारीक चिमट्याने काढावा, आणि आस कोरड्या कापडाने पुसून घ्यावा. साच्यातून निघालेल्या चाकाच्या परिघावर पुष्कळदा एक बारीक उंचवटा राहतो. तो झिरो नंबरच्या पॉलिशपेपरावर चाक सावकाश फिरवून नाहीसा करावा, मात्र चाकाचा गोलपणा जाऊ देऊ नये. चाक शेवटी बोटाने फिरवून सोडले असता ते डळमळत थांबते की शांतपणे, हे पाहावे. डळमळणाऱ्या चाकाची बदली करावी. समज देऊन ते सुधारत नाही.

कलम चौथे : वंगणाविषयी

मराठी घरात कोणतीही वस्तू करकरू लागली की वडीलधारी मंडळी खोबरेल तेलाची बाटली घेऊन हजर होतात, आणि त्यामागील सद्भावना निर्विवाद असल्याने त्यांस विरोध करणे जड जाते. तथापि तो करावा. खोबरेल तेल २४ अंश सेल्सियसच्या सुमारास गोठते. मे महिन्यात ज्या गाडीने घरच्यांची वाहवा मिळविली, तीच पुण्याच्या डिसेंबरातील पहाटे शिखरावर हटून बसली, तर तो तिचा दोष नव्हे. शिवणयंत्राचे तेल गोठत नाही, परंतु ते धातूच्या सेवेसाठी नेमलेले आहे. प्लॅस्टिकवर ते धूळ गोळा करून तिचा लेप बनविते, आणि काही प्लॅस्टिकांना तेलाच्या संसर्गाने ताणाच्या जागी बारीक चिरा पडतात. लेगोच्या विटा ज्या एबीएस प्लॅस्टिकच्या असतात, त्याबाबत ही सावधगिरी विशेष आवश्यक. केनेक्स या जोडणीच्या खेळण्यातील कांड्या बहुतांशी ॲसिटल नावाच्या, स्वभावतःच गुळगुळीत प्लॅस्टिकच्या असल्याने त्यांस वंगणाची गरज मुळातच कमी.

वंगण द्यावयाचेच तर कोरडे द्यावे. कुलुपांसाठी मिळणारी ग्रॅफाइटची बारीक पूड आसावर चिमूटभर टाकून चाक काही वेळ फिरवावे आणि उरलेली पूड झटकून टाकावी. पेन्सिल खरवडून तीच पूड घरच्या घरी मिळविण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइटबरोबर चिकणमातीही मिसळलेली असते, आणि चिकणमातीने आस गुळगुळीत होण्याऐवजी घासला जातो. हे काम वर्तमानपत्र पसरून करावे. सतरंजीवरील काळ्या डागांची कैफियत घरातील ज्या वरिष्ठांपुढे द्यावी लागते, त्यांस घर्षणगुणक हा शब्द ऐकून घेण्यात स्वारस्य नसते.

कलम पाचवे : रूळ व मनोरा यांविषयी

गाडी निर्दोष झाल्यावर संशयाची सुई मार्गाकडे वळवावी. रुळांच्या प्रत्येक सांध्यावरून बोटाचे नख फिरवावे; जेथे नख अडते तेथे चाकही अडते, आणि असा प्रत्येक सांधा दर फेरीस आपली लाच वसूल करतो. मनोऱ्याचे खांब ओळंब्यात आहेत काय व फलाट पाणसळीत आहे काय, हे पाहावे. गाडी जाताना मनोरा हलतो, आणि ते पाहून पाहुणे हरखतात. परंतु मनोरा हलविण्यास लागणारी ऊर्जा गाडीच्याच खात्यातून जाते, हे त्यांस ठाऊक नसते. चौकोनी सांगाडा दाबाखाली तिरका होतो, त्रिकोणी होत नाही. यास्तव प्रत्येक चौकोनात कांडीचा एक कर्ण बसवावा, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगास जरूर बसवावा. अशा कांड्यांच्या खेळण्यांची कल्पना अमेरिकेतील जोएल ग्लिकमन यांना एका लग्नसमारंभात शीतपेयाच्या नळ्या जुळवीत बसले असता सुचली, आणि १९९२ साली त्यांनी केनेक्स कंपनी स्थापन केली. लग्नघरात रिकामे बसण्याचे इतके फलदायी उदाहरण आमच्या समाजात, संधी विपुल असूनही, आढळत नाही.

कलम सहावे : वजनाविषयी

जड गाडी अधिक वेगाने जाते, असे मूल सांगते. पडण्याचा वेग वजनावर अवलंबून नसतो, असे शाळा सांगते. आणि या वादात दोघांचीही बाजू थोडी थोडी खरी आहे. गुरुत्वाकर्षण वजनाचा मुलाहिजा राखीत नाही आणि चाकांचे घर्षणही वजनाच्याच प्रमाणात वाढते, म्हणून त्या दोन रकमा परस्परांत वळत्या होतात. परंतु हवेचा विरोध गाडीच्या वजनावर नव्हे, तर तिच्या आकारावर व वेगावर ठरतो, आणि ही कपात जड गाडीस तुलनेने कमी जाणवते. म्हणून गाडीच्या तळाशी, शक्य तितके खाली व मध्यभागी, थोडे वजन चिकटविणे रास्त आहे. मात्र साखळी कुरकुरू लागली की थांबावे. गाड्यांची माळ असल्यास शेवटचा डबा शिखर सर्वांत जलद ओलांडतो, कारण तोवर पुढचे डबे उतारास लागून त्यास ओढीत असतात. घाबरट पाहुण्यांस शेवटच्या डब्यात बसू नये असे सांगावे. खेळण्यात ही सूचना निरुपयोगी असली तरी पुढे कामी येते.

कलम सातवे : उभ्या वळशाविषयी

गाडी उलटी होऊन परत सरळ होते तो उभा वळसा हा प्रत्येक गृहस्थाच्या महत्त्वाकांक्षेचा कळस होय. वळसा वर्तुळाकार असेल, तर त्याच्या तळापासून सुटण्याची उंची त्रिज्येच्या किमान अडीचपट हवी. दहा सेंटिमीटर त्रिज्येस २५ सेंटिमीटर, आणि हेही घर्षणाने आपला हिस्सा माफ केला तर. तो माफ करीत नसल्याने बरीच अधिक उंची राखून ठेवावी. परंतु वर्तुळात आणखी एक खोच आहे. या किमान उंचीवरून सुटलेली गाडी वळशाच्या तळाशी येते तेव्हा तिच्यावरील भार वजनाच्या सहापट होतो, आणि भाराबरोबर घर्षणही तितकेच फुगते. कोनी आयलंड येथेच १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाच्या वर्तुळाकार वळशाने उतारूंच्या माना लचकविल्या होत्या. १९७६ साली कॅलिफोर्नियात ‘रिव्होल्यूशन’ या कोस्टरवर वेर्नर श्टेंगेल यांच्या गणिताने जो वळसा बांधला गेला, तो म्हणूनच वर्तुळ नसून अश्रुबिंदूच्या आकाराचा आहे : प्रवेशापाशी वक्रता सौम्य, माथ्यापाशी तीव्र. आपल्या खेळण्याचे रूळ लवचिक असल्यास वळसा तळाशी रुंद व माथ्याशी निमुळता करावा. ज्या गाडीने वर्तुळात हात टेकले होते, ती येथून पार होण्याचा पुष्कळ संभव आहे.

कलम आठवे : नोंदवहीविषयी

ज्याची नोंद नाही तो वेग वाढलाच नाही, असे समजावे. हल्लीच्या फोनवर सेकंदास २४० चित्रे टिपणारे मंदगती चित्रण करता येते. रुळावर ३० सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करून गाडी त्यांमधून किती चित्रांत पार होते ते मोजावे. २४ चित्रे लागल्यास वेग सेकंदास तीन मीटर. एका वेळी एकच फेरफार करावा व प्रत्येक फेरफारानंतर अनेक फेऱ्या घेऊन मधला आकडा लिहावा. चाके पुसली, ग्रॅफाइट टाकले, कर्ण बसविला आणि वजन लावले, हे सर्व एकाच बैठकीत करणाऱ्यास यश आले तरी त्याचे श्रेय कोणास द्यावे हे कळत नाही, आणि अपयश आले तर घरातील प्रत्येक जण ते निरनिराळ्या कलमाखाली नोंदवितो.

निर्णय एवढाच की सर्वांत वेगवान गाडी ही सर्वांत चांगली गाडी नव्हे. पहिल्याच वळणावर रूळ सोडून कपाटाखाली जाणारी गाडी मंजूर रक्कम एकाच बाबीवर उधळते, आणि फलाटाशी न थांबता दुसऱ्या फेरीस निघालेली गाडी ब्रेकची बेअदबी करते. प्रत्येक उंचवटा ओलांडून, शेवटच्या वळणानंतर थोडी शिल्लक हाती ठेवून, जी फलाटावर आपणहून मंद होते तिला उत्तम समजावे, आणि ती तशी झाली की चिमटा, पॉलिशपेपर व ग्रॅफाइट ताबडतोब कपाटात ठेवून द्यावे. वाचकांस विनंती इतकीच की वंगणाची कुपी हाती घेण्यापूर्वी नोंदवही हाती घ्यावी, आणि तिच्यातील आकडे समाधानकारक असतील तर कुपी उघडूच नये.