हातात दोन नोकऱ्या

नोकरी नसली की माणसाला उपदेश मिळतो. दोन एकदम चालून आल्या की सल्ला मिळतो. फरक एवढाच, की उपदेश करणारे चहा घेऊन जातात आणि सल्ला देणारे जेवायला थांबतात.

माझ्या मेकॅनिकल इंजिनिअर भाच्याला दोन ऑफर लेटरं आली आहेत. एक हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपनीचं, दुसरं नाशकात अंबडच्या एका कारखान्याचं. दोघांचाही तगादा, शुक्रवारपर्यंत कळवा. तेव्हापासून ताईकडे रोज बैठक भरते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले काका विचारतात, "पेन्शन आहे का?" राज्य सरकारनेच १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद केली, हे त्यांना तोंडपाठ आहे, तरी विचारतात. हिंजवडीत उमेदवारी केलेला चुलतभाऊ म्हणतो, "पगाराचं सोड, भूमकर चौक किती वाजता ओलांडायचा ते विचार." ताईचं म्हणणं, नाशकात मावशी आहे. भाच्याने काय करावं हे कुणीच सांगत नाही. जो तो आपापलं आयुष्य सांगून उठतो.

आकडे तरी निःपक्षपाती असतील म्हणून आम्ही पुण्याच्या पत्राचं शेवटचं पान उघडलं. वार्षिक पॅकेज भरघोस. पण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला, 'कामगिरीनुसार' मिळणारी रक्कम धरलेली आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीही. ही ग्रॅच्युइटी पदरात पडायला कायम नोकरदाराला एरवी ५ वर्षं काढावी लागतात. म्हणजे निरोपाचं पाकीट स्वागतालाच मोजून दाखवलेलं. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण हातात किती पडतात?" त्या बैठकीतला कामाचा प्रश्न तेवढा एकच.

शेवटी भाच्याने कागदावर मधोमध रेघ मारली आणि फायदे-तोटे मांडले. ही रीत जुनी आहे. १७७२ मध्ये लीड्सचे धर्मोपदेशक जोसेफ प्रीस्टली यांना लॉर्ड शेल्बर्नकडून नोकरीचं बोलावणं आलं: ग्रंथसंग्रह सांभाळायचा, मुलांच्या शिक्षणावर लक्ष ठेवायचं. जावं की न जावं, म्हणून त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांना विचारलं. फ्रँकलिननी कळवलं, काय ठरवावं ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं ते सांगतो. दोन रकाने करा, तीन-चार दिवस सुचेल ते लिहीत जा, समान वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडा. इतका संयम आमच्या बैठकीत कुणाकडे असता, तर ताईचा स्वयंपाक वाचला असता.

प्रीस्टली गेले. शेल्बर्न यांच्या बोवुडच्या वाड्यात १७७४ मध्ये त्यांनी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची लाल भुकटी तापवली आणि जो वायू मिळाला, त्याला आज आपण ऑक्सिजन म्हणतो. तो कुठल्या रकान्यात लिहिणार होते?

भाच्याच्या कागदावरही फारसं उरलं नाही. जास्त पगार पुण्याच्या घरभाड्याशी कटला. मावशी दोन्हीकडे निघाली: जेवणाची सोय आणि रोजची चौकशी. तीही कटली. त्याने मात्र नाशिक ठरवलं. कारण विचारलं, तर म्हणाला, "मामा, मुलाखत झाल्यावर तिथल्या फोरमननी मशीनवरून नुकता उतरवलेला जॉब हातात दिला. कोमट होता. म्हणाले, बघ, कुठे कमी-जास्त वाटतंय का. मी बोटं फिरवत बसलो, ते पंधरा मिनिटं शेजारी उभे." हे कागदावर कुठेच नव्हतं.

काकांना अजून पटलेलं नाही. मी मात्र जेवून उठताना एक सल्ला दिलाच. न घेतलेली नोकरी फार लबाड असते. तिथला साहेब कधी चिडत नाही आणि पगार दरवर्षी वाढतो. तेव्हा बाबा रे, एप्रिलमध्ये हिंजवडीच्या कुठल्याही मित्राला फोन करू नकोस.