दागिना उलटा करून पाहावा

दागिना मोडतो तो सोन्यात नव्हे, जोडात. सोने शेकडो वर्षे जमिनीत पुरून ठेवले तरी त्याला काही होत नाही. कडी मात्र पहिल्याच लग्नसराईत उघडते आणि मंगल कार्यालयातल्या सतरंज्या झटकण्याचे काम वऱ्हाडाला लागते.

सोलापूरचा ग्राहक मुळात चोखंदळ. चादर घेताना तो ती उलगडतो, उलटी करतो, कड ओढून पाहतो, मागेही नक्षी तितकीच उठली आहे अशी खात्री झाल्यावरच पाकिटाला हात लावतो. तोच ग्राहक सराफ कट्ट्यावर पोहोचला, की चादरीच्या शेकडो पट किमतीचा दागिना फक्त समोरून पाहतो, तोही आरशात.

शुद्धतेची चिंता आता बरीच कमी झाली आहे. 22 कॅरेट म्हणजे हजारात 916 भाग सोने, बाकी तांबे-चांदी. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, लागतो. तो भिंगातून वाचून बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की दागिन्याची कुंडली समोर येते. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना सूट असल्याने चमक्या बिनकुंडलीच्याच खपतात. मात्र हॉलमार्क कस सांगतो, घडण सांगत नाही.

शुद्ध सोने मऊ. मिसळ वाढली की दागिना कणखर होतो. या हिशेबाने टिकाऊ दागिन्यांची सक्ती खुद्द सरकारनेच एकदा केली होती. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणात 14 कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी आली. हेतू अर्थातच टिकाऊपणाचा नव्हता, सोन्याची हाव कमी करण्याचा होता. हाव आहे तिथेच राहिली, सोनारांचे काम मात्र गेले.

घडण मात्र आपणच तपासायची. दागिना हातात आला की आधी पालथा करावा. कडीचे तोंड डाक देऊन बंद केलेले असावे. नुसते दाबून मिटवले असेल तर नखाला फट लागते. फासा दोन-चार वेळा उघडून मिटावा. सराफ कंटाळला तरी चालेल, फासा कंटाळता कामा नये. कुड्यांची फिरकी मळसूत्रावर घट्ट बसावी. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख. पत्रा फार पातळ असेल तर मणी चेपतो. या लाखेचे वजन सोन्याच्या भावाने लागलेले नाही ना, तेही विचारावे. विचारताना आवाज चढवण्याची गरज नसते, पण बहुतेकांचा चढतो. ठुशी दोऱ्यात गाठवलेली असते. सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की घामाने दोरा कुजतो, म्हणून ती अधूनमधून पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्यावी. खड्याच्या अंगठीची परीक्षा तर चादरी-टॉवेलांच्या या गावात घरबसल्या होते: ती टॉवेलवरून फिरवावी. कोंदणाचा काटा वर आलेला असेल तर सूत ओढले जाते.

‘वजनाला हलका, दिसायला भारी’ ही मागणी कट्ट्यावर सर्वाधिक ऐकू येते, आणि ती पुरवली जाते ती पत्र्याची जाडी कमी करूनच. रोज वापरायच्या बांगड्या-पाटल्यांत हा मोह टाळावा. वर्षातून एकदा लग्नाला निघणाऱ्या हाराला चालतो. सोबत आलेली मंडळी मराठी, कन्नड आणि तेलुगूतून नक्षीवर मत देतात. फाशाबद्दल तिन्ही भाषांत शांतता असते.

शेवटी पक्के बिल. त्यावर निव्वळ वजन, कॅरेट, मजुरी आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे लिहून घ्यावे. दागिना बदलताना ते लागते, म्हणून जपून ठेवावे. फक्त मजुरीचा आकडा घरच्यांच्या नजरेस पडणार नाही, अशा जागी.