खड्ड्यांचा मानपान

एसटीत "वाटूर द्या" म्हणा, कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी विचारणार, "फाटा का गाव?" पोरगं बापापेक्षा नावाजावं, तसं या फाट्याचं झालंय.

इथून मंठ्यामार्गे लोणारला जाता येतं. जून 2020 मध्ये तिथल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा फाट्यावरच्या टपरीवर कारणांना तोटा नव्हता. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे कुठल्याशा कारखान्याचं पाणी. एका काकांनी तर बशीतला चहा फुर्रकन ओढून सगळं खापर लॉकडाउनवर फोडलं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांच्याच अंगचा तो रंग. "एवढंच होय?" म्हणत काकांनी बशी खाली ठेवली. कोप बरा होता, निदान नारळ तरी फुटला असता.

खरा सल वेगळाच आहे. उल्केने काळ्या पाषाणात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला, म्हणून त्याला 2020 मध्येच रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला. आमचे रस्त्यावरचे खड्डे संपूर्ण स्वदेशी, दर पावसाळ्यात नव्याने पडणारे, त्यांना कुत्रं विचारत नाही. टपरीसमोरच्या खड्ड्यात तर गेल्या पावसात महिनाभर पाणी होतं, बेडूकही मुक्कामाला होते. रंग तेवढा चहाचा.