बेवारस यानांचा सातबारा

लंडनच्या एका उपनगरात माझे आज एकतीस वर्षे वास्तव्य आहे, आणि रविवारी पहाटे इतर सद्गृहस्थ ज्या वेळी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतात त्या वेळी मी हातात विजेरी घेऊन एखाद्या दवाने भिजलेल्या कुरणावर, मोटारींच्या उघड्या डिक्यांपुढे मांडलेल्या बिनझाकणाच्या किटल्या, बंद पडलेली घड्याळे आणि कोणाच्या तरी दिवंगत आत्याचे चिनी मातीचे कुत्रे यांच्या राशीतून प्लास्टिकचे एखादे खेळण्यातले अवकाशयान उपसून काढीत असतो, ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींनी माहेरच्या मंडळींपासून दीर्घकाळ लपवून ठेवली होती. मी मद्य घेतो असे तिकडे कळले असते तरी एक वेळ चालले असते. त्या दोषाला समाजात निदान प्रतिष्ठित उदाहरणे आहेत.

मी जमवितो ती याने साधारणतः १९५० ते १९७० या कालखंडातली, म्हणजे बहुतांशी मनुष्य चंद्रावर उतरण्यापूर्वीची. २० जुलै १९६९ रोजी तेथे जे यान प्रत्यक्ष उतरले ते सोनेरी वर्खात गुंडाळलेल्या चार पायांच्या कोळ्यासारखे निघाले. त्याला ना पंख ना टोकदार नाक. जेथे वाराच नाही तेथे पंखांचे प्रयोजन काय, ही शंका खेळणी करणाऱ्यांना त्यापूर्वी फारशी शिवली नव्हती, हे आपले भाग्यच म्हणावयाचे. त्यांच्या यानांना माशासारखे कल्ले आहेत, मोटारीसारख्या काचा आहेत, आणि चालकाची बैठक अशी ऐसपैस आहे की चंद्रावर पोचल्यावर तो दार उघडून पिशवी घेऊन भाजी आणावयास जाईल असे वाटावे.

तथापि याने जमविणे हा या व्याधीचा केवळ उंबरठा होय. यान हाती आले की ते उलटे करावयाचे आणि पोटावर कर्त्याचे नाव शोधावयाचे, येथून खरा ज्वर चढतो. जपानी कारखानदार या बाबतीत सज्जन. त्यांच्या पत्र्याच्या खेळण्यांवर टी. एन. म्हणजे नोमुरा, एस. एच. म्हणजे होरिकावा, अशी आद्याक्षरे तरी सापडतात. हाँगकाँगच्या प्लास्टिकवर मात्र बहुधा एवढेच : ‘मेड इन हाँगकाँग’. पाकिटावर पत्ता म्हणून नुसते ‘महाराष्ट्र’ लिहावे, त्यातला हा प्रकार. ब्रिटनमध्ये खपवावयाच्या मालावर तर तेवढेही नसे. तेथे ‘एम्पायर मेड’, म्हणजे साम्राज्यात निर्मित, अशी मोघम मोहोर. साम्राज्य स्वतः एकेका देशातून बिऱ्हाड हलवीत असताना त्याचे नाव खेळण्यांच्या पोटावर इतकी वर्षे अबाधित राहिले, ही गोष्ट इतिहासकारांनी म्हणावी तितकी लक्षात घेतलेली नाही. कोरियातील युद्धामुळे १९५१ साली चीनशी चालणाऱ्या व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा आजवर दुसऱ्यांच्या मालाची ने-आण करून पोट भरणाऱ्या त्या बंदराला स्वतः माल काढणे भाग पडले, आणि इमारतींच्या मजल्यामजल्यांवर प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारी यंत्रे बसली. नाव कोरण्याची फुरसत कोणाला होती? आणि नाव कोरले तर उद्या नक्कल केल्याचा जाब देण्याची जबाबदारीही आलीच.

नाव नाही तर निदान प्लास्टिकची जात तरी ओळखावी, म्हणून मग मी स्वयंपाकघराचा आश्रय केला. पॉलिथिन पाण्यावर तरंगते, पॉलिस्टायरीन बुडते. सबब प्रत्येक यानाची जलपरीक्षा पातेल्यात होऊ लागली, आणि ते पातेले वरणाचे असल्याचे मला मागाहून सांगण्यात आले. एकदा एका दुर्मिळ यानावरील चिकटपट्टीचा डाग काढण्यासाठी मी सौभाग्यवतींच्या नखरंग पुसण्याच्या औषधाचा बोळा फिरविला. त्या औषधात अॅसिटोन असते आणि अॅसिटोनात पॉलिस्टायरीन विरघळते, हे शास्त्रीय सत्य यानाचा डावा पंख माझ्या बोटाला चिकटून लांब निघाला तेव्हा माझ्या ध्यानी आले. “अहो, निदान तुमच्या पैशाने आणलेले औषध तरी वाया घालवू नका,” एवढेच त्या म्हणाल्या. नखाला लावावयाचे काहीही त्यांनी त्यानंतर कुलपात ठेवले.

अशा अवस्थेत सौभाग्यवतींचे मामा नाशिकहून आमच्याकडे महिनाभर राहावयास आले. मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून त्यांची हयात गेलेली. जगातील यच्चयावत वस्तूंकडे ते मालक, कबजेदार आणि बोजा या त्रिविध दृष्टीनेच पाहत. यानांचे कपाट आता लपविणे अशक्य होते. मामांनी चष्मा पुसला, एक यान उलटे केले आणि विचारले, “जावईबापू, मूळ मालक कोण?”

मी माझी सर्व दुःखे निवेदन केली. मामा म्हणाले, “तुम्ही बारा नंबरात मालक शोधता आहात. गाव नमुना बारा हा पिकांचा. मालकी सात नंबरात. हे खेळणे पीक झाले, जमीन कुठाय?”

जमीन म्हणजे साचा! पोलादी साचा तयार करणे हेच या धंद्यातले मोठे भांडवल. एकदा तो झाला की त्यातून हजारो याने निघत, आणि कारखाना बुडाला, विकला गेला किंवा त्याचा मालक कंटाळला तरी साचा दुसऱ्याच्या हाती जाऊन पुन्हा पिकू लागे. पोलादावर पडलेला ओरखडा त्यातून निघणाऱ्या प्रत्येक यानावर उमटतो. खेळणे बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल व्रण ठरलेल्या जागीच दिसतात. आणि नव्या मालकाने जुने नाव खरवडले की तेथे एक गुळगुळीत चौकोन राहतो, जो मामांच्या मते खाडाखोड केलेल्या फेरफार-नोंदीसारखा असतो. न्यू जर्सीतील युनियन गावच्या पायरो कंपनीची एक्स-३०० इत्यादी याने इंग्लंडात क्लीवेअर आणि ट्यूडर रोझ या नावांखाली पुनः प्रकटतात, त्यातले रहस्य मला त्या दिवशी उलगडले. मी जन्मदाता शोधीत होतो. शोधावयाची होती वहिवाट.

नकला ओळखण्याची युक्तीही यातूनच निघाली. तयार खेळण्यावरून साचा उठवून दुसरे खेळणे ओतले, तर प्लास्टिक निवताना आकसत असल्यामुळे नक्कल मूळ यानाहून केसभर आखूड भरते. म्हणून मी कॅलिपर विकत घेतला, आणि मामा रोज सकाळी चहानंतर एकेक यान मोजून वहीत ‘औरस’ वा ‘अनौरस’ असा शेरा मारू लागले. एका नामांकित विक्रेत्याकडून ‘अस्सल’ म्हणून घेतलेले माझे सर्वांत महागडे यान त्यांच्या मोजणीत दोन मिलिमीटर कमी भरले. मामांनी खाकरून पान उलटले. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

त्यातल्या त्यात निर्धास्त मालकीची म्हणजे ‘प्रोजेक्ट स्वोर्ड’ची याने. ‘थंडरबर्ड्स’ ही दूरचित्रवाणी-मालिका काढणारे गेरी अँडरसन यांच्या व्यवसायाची शाखा असलेल्या सेंच्युरी २१ टॉइज कंपनीने १९६७ च्या सुमारास ती हाँगकाँगमध्ये करवून घेतली. या यान-वाहनांसाठी दूरचित्रवाणीवर मालिका नव्हतीच; आधी खेळणी झाली आणि मग ती कोणत्या मोहिमेवर निघाली आहेत याच्या चित्रकथा. हा न्याय मला आपल्याकडील काही घराण्यांना लागू पडतो असे वाटते, कारण तेथेही वाडा आधी उभा राहतो आणि पूर्वजांचा पराक्रम मागाहून सापडतो. पण पेटीवर लंडनच्या कंपनीचे नाव ठसठशीत असले तरी यंत्राचा दांडा प्रत्यक्ष कोणी ओढला, ते पेटी सांगत नाही. त्याच १९६७ च्या मे महिन्यात हाँगकाँगच्या सान पो काँग भागातील कृत्रिम फुलांच्या एका कारखान्यात कामगारांचा तंटा पेटला आणि त्याचा वणवा सबंध वसाहतीत पसरला. तेवढ्यापुरती प्लास्टिक ओतणारी माणसे जगाला दिसली. मामांनी ही हकीकत ऐकून घेतली आणि वहीत एक नवा रकाना आखला : ‘प्रत्यक्ष कसणारा’. तो अद्याप पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा आहे.

मामा परत गेले. आता नाशिकहून दर महिन्याला त्यांचे पत्र येते. त्यात सौभाग्यवतींच्या प्रकृतीची चौकशी दीड ओळ आणि अनुक्रमांक १४ च्या शेपटीविषयी दोन पाने. अनुक्रमांक १४ म्हणजे तांबडे, साडेचार इंच लांब, पॉलिथिनचे, पाण्यावर तरंगणारे यान. पोटावर ‘एम्पायर मेड’, त्या अक्षरांच्या डावीकडे खिळ्याचा गोल व्रण आणि उजवीकडे नाव खरवडलेला तो गुळगुळीत चौकोन. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अथवा ट्रंकेत असलेच, परंतु चौकोनाच्या जागी अक्षरे शाबूत असलेले यान असेल, तर त्यांनी ती अक्षरे पोस्टकार्डावर जशीच्या तशी उतरवून कृपया कळवावीत. यान पाठवू नये. कपाटात जागा उरलेली नाही, आणि वरणाचे पातेलेही आता नवे आणले आहे.