वाडा विकणे आहे : विक्रेत्यांस उपयुक्त सूचना

आमच्या घराण्यात वाडा विकण्याचा उद्योग तीन पिढ्या चालत आलेला आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळकायद्यान्वये कोरेगावकडची जमीन कसणाऱ्यांच्या नावे झाली आणि वाड्याची कौले परतण्यास लागणारा पैसा ज्या वाटेने येत असे ती वाटच बुजली, तेव्हा आजोबांनी त्याचा आरंभ केला. वडिलांनी तो निष्ठेने पुढे चालविला. आणि आज दफ्तराच्या तीन रुमालांसह तो प्रस्तुत लेखकाकडे वारसाहक्काने आला आहे. वाडा अद्याप आमचाच आहे. यावरून आमच्या नैपुण्याविषयी कोणास शंका येईल, तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की वाडा विकणे हे सदनिका विकण्यासारखे एखाद्या दुपारी उरकण्याचे काम नसून ते संध्यावंदनासारखे नित्यकर्म आहे. केल्याने पुण्य नाही, न केल्यास प्रत्यवाय मात्र आहे. नव्याने या मार्गास लागणाऱ्या साताऱ्या-सांगलीकडील बंधुभगिनींसाठी अनुभवाचे चार बोल येथे नमूद करून ठेवीत आहे.

प्रथम वयाचा निर्णय करावा. न्यूयॉर्क शहरात ज्या प्रशस्त सदनिका दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधल्या गेल्या त्यांना जाहिरातीत ‘युद्धपूर्व’ असे विशेषण लावण्याची चाल आहे, आणि त्या एका शब्दासरशी जाड भिंती, उंच छत व दाराशी गणवेशधारी द्वारपाल असे सगळे चित्र गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते, असे तिकडे नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने कळविले आणि ‘मामा, तुम्हीही असंच लिहा’ असा सल्ला दिला. सल्ला उत्तम होता. परंतु साताऱ्यात ‘युद्धपूर्व’ म्हटले की ‘कोणत्या युद्धापूर्वीचा?’ हा प्रश्न ठेवलेलाच. १७०७ सालची खेडची लढाई जिंकल्यावर सातारा शाहू महाराजांच्या हाती आला आणि पुढे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसल्या, तेव्हा त्या लढाईपूर्वीचा वाडा सांगणारा विक्रेता तत्काळ उघडा पडतो. १७६१ चे पानपत हे त्या मानाने फार सोयीचे युद्ध आहे. त्यापूर्वीचा म्हटल्याने वास्तूस भारदस्तपणा येतो, आणि ते खोटे ठरविण्यास लागणारे कागद बहुधा वाळवीने आधीच निकालात काढलेले असतात. ज्यांची मनोदेवता इतकी लवचीक नसेल त्यांनी १८१८ च्या आष्टीच्या लढाईवर समाधान मानावे. वास्तू ‘युद्धोत्तर’ म्हणून सांगावी हे अधिक बरे, कारण प्रतापसिंह महाराजांच्या त्यानंतरच्या कारकीर्दीत शहरास जे सौष्ठव आले त्याचा थोडा उजेड आपल्या देवडीवरही पडतो. सांगलीकरांनी मात्र पानपताच्या वाटेस जाऊ नये. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन चुलत्यांशी न पटल्यामुळे मिरजेहून निघून सांगलीस आले ते १८०१ साली. ज्या संस्थानाचा जन्मच भाऊबंदांच्या वाटणीतून झाला, त्याच्या राजधानीत एका वाड्याचे खरेदीखत सुरळीत व्हावे ही अपेक्षाही, माझ्या मते, थोडी इतिहासद्रोहीच आहे.

एका सालाविषयी मात्र जाहिरातीत काही लिहू नये. १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतरच्या जाळपोळीत, या दोन्ही भागांतले कित्येक वाडे भस्म झाले. जे उभे राहिले त्यांतल्या काहींच्या तुळयांवर काजळी अजून दिसते. ती गिऱ्हाइकाने पाहिली तर पाहू द्यावी, आणि विचारले तरच सांगावे.

विस्तार सांगताना चौरस फुटांच्या भरीस पडू नये. वाडा खणांनी मोजावयाचा असतो. आमच्याकडे तो वाटणीपत्रात गजांत, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर चौरस मीटरांत आणि भाऊबंदांच्या तोंडी ‘आमच्या अंगाचा सोपा’ व ‘तुमच्या अंगाचे माजघर’ अशा भाषेत मोजलेला असून, या तिन्ही मापांचा मेळ कोणत्याही मोजणीदारास आजवर घालता आलेला नाही. हल्लीचे गिऱ्हाईक भिंती वगळून क्षेत्रफळ विचारते. आमच्या भिंती तीन-तीन फूट रुंदीच्या; त्यांतच कोनाडे, त्यांतच फडताळे, त्यांतच धान्याची बळदे आणि माडीवर जाणारा काळोखी जिनाही त्यांतच. संसाराचा अर्धा भाग भिंतीच्या पोटात नांदत असता भिंत हिशेबात धरू नका म्हणणाऱ्याने आधी आमची लोणच्याची बरणी कोठे असते ते येऊन पाहावे.

‘सर्व सेवांनी युक्त’ हे वर्णन मात्र निःशंकपणे करावे, कारण अशी सेवा मोठ्या शहरांतल्या मनोऱ्यांतही मिळत नाही. तेथील द्वारपाल फार तर नाव आणि मजला विचारतो. आमच्या देवडीवरच्या दोन खणांत भाड्याने राहणारे पेन्शनर गृहस्थ येणाऱ्यास नाव, गाव, कुळी, कोणाकडे, कशासाठी आणि ‘ते घरी नाहीत हे ठाऊक असून आलात काय?’ इतके विचारून मगच चौकात सोडतात, व हे कार्य त्यांच्या तीर्थरूपांपासून विनावेतन अखंड चालू आहे. त्यांचे भाडे किती, हे गिऱ्हाइकाने विचारल्यास चहा मागवावा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस जखडून टाकली. १९९९ च्या कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, त्यांत दरसाल शेकडा चार वाढ करण्याची मुभा दिली. ज्या रकमेवर ही शेकडा चार वाढ चढावयाची ती रक्कम आजोबांनी ज्या काळी ठरविली, त्या काळी एका रुपयात काय काय येत असे याचे वर्णन ते गृहस्थ स्वतःच फार रसाळपणे करतात. शिवाय भाडेकरू निवर्तला तरी त्याजबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे हा हक्क जातो, म्हणून वाडा घेणाऱ्यास द्वारपालाची उणीव पुढील पिढीतही भासावयाची नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पावसाळ्यात कोठे गळते ते मालकाआधी त्यांस कळते, आणि मागील वर्षी मधली तुळई करकरली तेव्हा टेकू देण्यास अर्ध्या रात्री तेच धावले.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही शहरांचे शास्त्र भिन्न आहे, आणि यात गल्लत झाल्यास सौदा बैठकीतच मोडतो. साताऱ्याचे गिऱ्हाईक विचारते, ‘पाणी कधी येतं?’ सांगलीचे विचारते, ‘पाणी कुठपर्यंत येतं?’ पहिल्यास नळाची वेळ सांगून कासच्या पाण्याच्या गोडीकडे वळावे. दुसऱ्यास तोंडाने काही न सांगता भिंतीपाशी न्यावे. सांगलीच्या गावभागात आमच्या मातुल घराण्याचा जो वाडा आहे, त्याच्या ओसरीवरच्या खांबावर २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन रेघा मामांनी स्वहस्ते मारून ठेविल्या आहेत. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. नवशिका विक्रेता या रेघांवर रंग फासतो, आणि गिऱ्हाईक खांबाऐवजी त्या ताज्या रंगाकडेच पाहत राहते. मामांची रीत उलट. ते २०१९ ची रेघ अभिमानाने दाखवितात आणि मग हळूच विचारतात, ‘इतकं पाणी आठवडाभर पिऊन जो वाडा उभा आहे, तो तुम्ही पाडणार तरी कसा?’ यावर आजवर एकाही बिल्डरास उत्तर सुचलेले नाही.

गिऱ्हाइकांच्या जाती तीन. पहिला लाकडाचा व्यापारी. तो ओसरीवर बसतच नाही, खांबास नख लावून पाहतो, आणि वाडा उभा असतानाच त्याचे मनात घनफूट पाडून मोकळा होतो. दुसरा बिल्डर; तो जमिनीकडे पाहतो आणि नवीन इमारतीस आपल्याच घराण्याचे नाव देण्याचे आमिष दाखवितो. तिसरा रसिक. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा चित्रपटांत झळकू लागल्यापासून ही जात बरीच वाढली आहे. तो महिरपीपाशी सपत्नीक छायाचित्रे काढतो, तुळशीवृंदावनास हात लावून गहिवरतो, दोनदा चहा घेतो, आणि निघताना ‘गाडी कुठे लावता?’ असे विचारून कायमचा अंतर्धान पावतो. तिघांत मला पहिलाच त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो.

आता सह्यांचे प्रकरण. न्यूयॉर्कला म्हणे सहकारी इमारतीत सदनिका घ्यावयाची तर तेथील रहिवाशांचे मंडळ खरेदीदाराची मुलाखत घेते, आणि कारण न देता त्यास परत पाठवू शकते. आमच्याकडे हीच व्यवस्था आहे. फरक इतकाच की आमचे मंडळ खरेदीदारास सोडून विक्रेत्याचीच मुलाखत घेते. वडिलांच्या वेळी नऊ सह्या पुरत. पुढे २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांप्रमाणे जन्मतः हिस्सा मिळाला (हे योग्यच झाले, आणि तसे आमच्या तिघी आत्यांनी आम्हांस वेळोवेळी बजावलेही आहे), आणि आज त्या तेवीस झाल्या आहेत; पैकी चार कुलमुखत्यारपत्राने परदेशातून यावयाच्या. इतक्यानेच धीर सोडणाऱ्याने ज्या गावात आपण राहतो त्याची परंपरा आठवावी. पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनास जाऊन दहा वर्षांहून अधिक काळ तेथे चिकाटीने झगडत राहिले. महाराज १८४७ साली निवर्तले, पुढच्या वर्षी राज्यही खालसा झाले, तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. त्यापुढे बोरिवलीच्या चुलतभावाची एक सही म्हणजे काय?

गेल्या वैशाखात एकवीस सह्या जमल्या. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत वेळ ठरली, मुद्रांक घेतला, आचाऱ्यास पुरणपोळ्यांचे सांगितले. धाकट्या आत्या सोलापुराहून आल्या, न्हाणीघरात जाऊन बंबाला हात लावून आल्या, जेवल्या, आणि लेखणी हाती दिली तेव्हा म्हणाल्या, ‘अरे, भाव कमी आहे रे.’ भाव वाढवून सांगितला. तरी लेखणी टेकेना. शेवटी म्हणाल्या, ‘सही केली की मग मी माहेर म्हणून यायचं कुठे?’ या हरकतीवर मुद्रांक अधिनियमात तजवीज नाही. अशा प्रसंगी वाद न घालता कागद पुन्हा घडी करून रुमालात ठेवावा. सहा महिन्यांत उपयोग न झाल्यास मुद्रांक वाया जातो, हा खर्च नित्यकर्माच्या दक्षिणेत धरावा.

राहता राहिला खरेदीखताचा मसुदा. त्यात चतुःसीमा लिहून झाल्यावर ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ ही जुनी ओळ अवश्य ठेवावी. आडाचे पाणी, परसातला फणस, भिंतीवरचे गवत, सागवानी खांब आणि जोत्याचे दगड, एवढ्यांचा उलगडा तिच्यात होतोच. आणि ‘निधिनिक्षेप’ या एका शब्दापायी सह्यांस नकार देणारे निदान दोन भाऊबंद तळघर एकदा उकरून पाहण्यापुरते तरी गावी येतात. आमच्याकडे अशा तीन खोदाया झाल्या. एक जाते व दोन घोड्याचे नाल निघाले. ते माडीच्या जिन्याखाली ठेविले असून विक्रीत समाविष्ट आहेत.

वाडा साताऱ्यात, व्यंकटपुरा पेठेत. पाहण्यास केव्हाही यावे, दुपारी एक ते चार ही वेळ तेवढी सोडून. देवडीवर विचारतील त्याची नीट उत्तरे द्यावीत. थोरला दरवाजा गंजून बसला आहे, दिंडीतून यावे लागेल. चौकट साडेचार फुटांची आहे, वाकून या.