बेंचमार्कबुवा

भाच्यासाठी पाच-सहा हजारांत एखादं जुनं ग्राफिक्स कार्ड बघायचंय, असं मी लिफ्टमधून बहिणीला फोनवर सांगितलं आणि तिथेच फसलो. मागे बेंचमार्कबुवा उभा होता.

"काका, १०६० की ५८०?"

माझा मजला दुसरा, बुवाचा पाचवा. दुसऱ्यावर दार उघडलं तेव्हा बुवा २०१६ च्या जुलै महिन्यात होता. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० बाजारात येत होतं. अशा वेळी माणसाला मध्येच सोडून जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी पाचव्यापर्यंत गेलो. मग जिन्याने खाली निघालो, तर तोही माझ्याबरोबर उतरला. माझ्या दाराशी पोचेपर्यंत एप्रिल २०१७ उजाडला होता आणि एएमडीचं आरएक्स ५८० आलं होतं. बायकोने दार उघडलं, बुवाकडे पाहिलं, आणि काही न विचारता चहात पाणी वाढवलं.

बुवा चाळिशीचा आहे. बँकेत कर्जविभागात आहे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. त्याचं खरं नाव मतदारयादीत सापडेल. इमारतीत ते कोणी घेत नाही. असा एक प्राणी तुमच्याही इमारतीत असणार. गेमिंगच्या कार्डांविषयी त्याला सगळं ठाऊक असतं, पण त्याला गेम खेळताना कोणी पाहिलेलं नसतं.

मी पाहिलं आहे, म्हणजे जवळजवळ पाहिलं आहे. त्याच्या घरी 'जीटीए फाइव्ह' चालू होतं. समुद्रावर सूर्य मावळत होता, पाण्यावर केशरी रंग पसरला होता, आणि बुवा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातला आकडा बघत होता. एका सेकंदात किती चित्रं उमटतात, तो आकडा. "बासष्ट… एकसष्ट… बासष्ट…" ताप उतरायची वाट बघणाऱ्या आईसारखा त्याचा चेहरा झाला होता. त्या गेममध्ये चाचणीसाठी एक तयार फेरी आहे. विमान शहरावरून जातं, गाड्या धावतात, शेवटी मोठा स्फोट होतो. ती फेरी बुवाला शनिमाहात्म्यासारखी पाठ आहे. स्फोटाच्या वेळी आकडा कितीवर पडतो हे तो झोपेत सांगेल. गेमची गोष्ट काय आहे, असं मी विचारलं. "गोष्ट?" तो म्हणाला. "असेल की."

घराणंच तसं आहे. त्याच्या वडिलांनी वीस वर्षं स्कूटरचं अॅव्हरेज वहीत लिहिलं. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपायचे, पुन्हा काठोकाठ भरायची. शेजारी शेऱ्याचा रकाना, त्यात 'हवा कमी', 'मागे सौ. बसली होती' वगैरे. आई अजूनही नारळ कानाशी हलवून घेते, आणि घेतलेल्याच्या आधी किमान चार नारळ नाकारलेले असावे लागतात. अशा घरात जन्मलेल्या मुलाच्या हाती दोन कार्डं पडली, तर तो आणखी काय करणार?

आता ही दोन कार्डं. चहा झाला, बुवाने मांडी घातली आणि पूर्वरंग सुरू केला.

१०६० मध्ये १२८० कोर आणि सहा जीबी मेमरी. ५८० मध्ये २३०४ कोर आणि आठ जीबी. मला वाटलं, मिटलं, ५८० घ्यावं. बुवा हसला. एका कंपनीचे कोर दुसऱ्या कंपनीच्या कोरांशी मोजायचे नसतात. पुणेरी मैल आणि मुंबईचा मैल यांत जेवढा फरक, तेवढा इथे आहे. प्रत्यक्ष पडद्यावर, साध्या फुल एचडी मॉनिटरवर, दोघं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून पळतात. जुन्या धर्तीच्या गेममध्ये १०६० चार पावलं पुढे. व्हल्कन किंवा डायरेक्टएक्स बारावर चालणाऱ्या नव्या धर्तीच्या गेममध्ये ५८० पुढे. वर्षं गेली तसं ५८० थोडं थोडं सुधारत गेलं. या प्रकाराला जगभरचे एएमडीभक्त जुन्या वाइनची उपमा देतात. बुवाच्या गळ्यात माळ आहे, म्हणून तो मुरलेलं लोणचं म्हणतो.

"आणि किंमत?"

"नवीन होती तेव्हा अमेरिकेत १०६० दोनशे एकोणपन्नास डॉलर, ५८० दोनशे एकोणतीस." बुवाने श्वास घेतला. "वीस डॉलर, काका. त्या वीस डॉलरवर लोकांनी मैत्र्या तोडल्या."

भाचा कोपऱ्यात बसून ऐकत होता. दहावीतलं पोर, दिवाळीची सुट्टी जवळ आलेली. त्याने भीतभीत विचारलं की २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा गेम यावर चालेल का.

"दोन्हीवर नाही," बुवा म्हणाला. प्रकाशाच्या किरणांचा माग काढणारं खास हार्डवेअर त्या गेमला लागतंच आणि दोघांकडेही ते नाही. पोराचा चेहरा उतरला, पण बुवाचा खुलला. "शून्य विरुद्ध शून्य," त्याने वहीत लिहिलं. "बरोबरी."

शनिवारी आम्ही तिघं ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचं नाव कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण लॅमिंग्टन नावाच्या एका जुन्या गव्हर्नराचं नाव तिथे अजून सेकंडहँडमध्ये जोरात चालतं. बुवाने पाठीवर सॅक घेतली होती. तीत लॅपटॉप, हातात मावेल असा टॉर्च, वही आणि पोळीभाजीचा डबा. बाहेरचं खाल्लं तर तेवढी रक्कम कार्डाच्या किमतीत धरावी लागते, असा त्याचा हिशेब आहे.

पहिल्या दुकानात ५८० होतं. दुकानदाराने ते पेढ्यांच्या पुड्यासारखं पुढे केलं. "सर, फक्त घरगुती वापर. एकहाती."

जुनी मोटार विकताना ती नेहमी डॉक्टरांनी वापरलेली असते, तसं जुनं ग्राफिक्स कार्ड नेहमी घरगुती वापराचं असतं. बुवाने टॉर्च लावला आणि आधी स्क्रूंची डोकी बघितली. खरवडलेली होती, म्हणजे कार्ड उघडलेलं. मग कडेला बोट फिरवून बोटाला लागलेला तेलकटपणा मला दाखवला. आतले थर्मल पॅड बराच काळ तापले की त्यातून सिलिकॉनचं तेल पाझरतं. "मायनिंग," तो हळूच म्हणाला. जुन्या कादंबऱ्यांतल्या आत्याबाई कुणाच्या क्षयाविषयी बोलायच्या, तसा आवाज होता.

इथे बुवाचा उत्तररंग सुरू झाला, आणि खरं सांगतो, तो मला आवडला. काही वर्षांपूर्वी इथेरियम नावाचं आभासी चलन कमावण्यासाठी जगभर लोकांनी खोल्याच्या खोल्या कार्डांनी भरल्या होत्या. रात्रंदिवस यंत्रं गणितं सोडवत बसायची. त्या कामात ५८० चा हातखंडा होता. तेजीच्या दिवसांत साध्या पोरांना ही कार्डं दुप्पट भावानेही मिळत नव्हती. मग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली, आणि गिरणी बंद पडल्यावर कामगार बाहेर यावेत तशी लाखो कार्डं बाजारात आली.

"म्हणजे हे घ्यायचं नाही," मी म्हणालो.

"असं कोण म्हणालं?" बुवा चमकून म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की मायनिंगवाला धंदेवाईक असतो. विजेचं बिल वाचवायला तो कार्डाला कमी व्होल्टेजवर चालवतो, तापमान एकसारखं ठेवतो. पंखे झिजतात, पण ते बदलता येतात. उलट गेम खेळणारं पोर कार्डाला तासभर भट्टीत घालतं, मग थंड करतं, पुन्हा भट्टीत घालतं. "काका, रोज आठ तास एकाच वेगात चालणारी एसटी बरी, की रविवारी फक्त घाटात पळवलेली मोटरसायकल?" मला उत्तर सुचलं नाही. दुकानदारालाही सुचलं नाही. त्याने किंमत मात्र दोनशेंनी वाढवली.

बुवाने लॅपटॉप बाजूला ठेवून दुकानातल्या यंत्रावर कार्ड चढवलं आणि जीपीयू-झेड उघडलं. हा एक छोटा प्रोग्राम. कार्डाची जन्मपत्रिका दाखवतो. बुवाने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि काही क्षण बोललाच नाही. मग त्याने बोट टेकवलं. कोरांच्या जागी २३०४ नव्हते, २०४८ होते.

हा ५८० चा सावत्रभाऊ. २०१८ मध्ये एएमडीने चीनच्या बाजारासाठी असं एक कार्ड काढलं: नाव ५८०, आतली ताकद खालच्या ५७० एवढी. तेच आता हिंडत-फिरत ग्रँट रोडला आलं होतं. दुकानदार म्हणाला, नावात तर ५८०च आहे ना! बुवाने त्याला दोष दिला नाही. "नाव कंपनीनेच दिलंय," तो म्हणाला, आणि शेजारच्या दुकानाकडे वळला.

शेजारी १०६० होतं, स्वस्त होतं, बिनओरखड्याचं होतं. भाच्याने ते हातात घेऊन छातीशी धरलंसुद्धा. बुवाने पत्रिका काढली. तीन जीबी, ११५२ कोर. हा घोळ एनव्हिडियाचा: सहा जीबीच्या कार्डापाठोपाठ ऑगस्ट २०१६ मध्ये तीन जीबीचं काढलं, मेमरी अर्धी केली, कोरही कापले, पण नाव तेच ठेवलं. बुवाचा संताप दोन्ही कंपन्यांवर सारखा वाटलेला असतो. त्या बाबतीत तो नि:पक्षपाती आहे. पोराच्या हातून कार्ड सोडवताना मला फार वाईट वाटलं.

दुपारी आम्ही एका जिन्यात बसून पोळीभाजी खाल्ली.

चौथ्या दुकानात चमत्कार झाला. एकाच काउंटरवर खरं १०६० सहा जीबी आणि खरं ५८० आठ जीबी. दोन्ही साडेपाच हजार. बुवाने दोन्ही पत्रिका काढल्या. दोन्ही शुद्ध. फरमार्क नावाचा प्रोग्राम लावून दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं तापवलं. दोघंही टिकली. आता बोल, असं मी डोळ्यांनी विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं की बुवा घाबरला आहे. इतकी वर्षं ज्या खटल्याच्या तारखा तो आनंदाने घेत होता, त्याचा निकाल आज त्यालाच द्यायचा होता.

त्याने वेळ काढायचा प्रयत्न केला. दोन्ही कंपन्यांनी आता हात आखडता घेतलाय, असं सांगितलं. एएमडीने २०२३ च्या शेवटी ५८० च्या घराण्याला ड्रायव्हरच्या वेगळ्या पंगतीत बसवलं, तिथे वाढप कमी. एनव्हिडियाने जाहीर केलं की १०६० ला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर नाहीत, २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त सुरक्षेपुरते. पुन्हा एनव्हिडियाची डीएलएसएस ही चित्र सुधारायची युक्ती १०६० ला मिळतच नाही. एएमडीची एफएसआर मात्र त्याच्यावरही चालते. "सख्ख्या आईने उपाशी ठेवलं आणि शेजारणीने वाटीभर आमटी दिली," बुवा म्हणाला. दुकानदार जांभई देत होता.

तेवढ्यात भाच्याने मोबाइलवर आपल्या कॉम्प्युटरचा आतला फोटो दाखवला. त्यातल्या पॉवर सप्लायमधून कार्डासाठी एकच वायर बाहेर आली होती, सहा पिनांची. १०६० ला सहा पिना लागतात. ५८० ला आठ.

"दीडशे रुपयांत जोड देतो," दुकानदार म्हणाला. बुवाने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने जोड परत खोक्यात टाकला.

मग बुवाने वहीचं शेवटचं पान उघडलं. १०६० चा विजेचा खर्च १२० वॉट, ५८० चा १८५. फरक पासष्ट. रोज तीन तास खेळलं तर महिन्याला सहाएक युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साठ रुपये, वर्षाला सातशे. आठ वर्षांत १०६० फुकट पडतं. "निकाल असा," बुवा उभा राहून म्हणाला, आणि आजूबाजूची दोन-तीन गिऱ्हाइकंही थांबली. "बिल स्वतः भरत असाल तर १०६०. वडील भरत असतील तर ५८०."

भाच्याने लगेच ५८० कडे बोट दाखवलं. मी बहिणीला फोन लावला. आम्ही १०६० घेतलं.

रात्री बुवाने स्वतःच्या हाताने ते बसवलं, दोन्ही स्क्रू घट्ट केले, ड्रायव्हर उतरवून घेतला. कोपऱ्यात आकडा उमटला, पोर खेळायला लागलं, आणि बुवा पाठीमागे खुर्चीत बसून एकटाच हसायला लागला. का, ते सांगेना. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये सांगितलं. १०६० ला चालणारी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची जी शेवटची मालिका आहे, तिचा क्रमांक ५८० आहे.