आधी गोरिला, मग गोष्ट

दरवर्षी श्रावणात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन येतो. "मुखपृष्ठ तयार आहे हो, तुमची कथा कुठवर आली?" इथे कथेचं बीसुद्धा पडलेलं नसतं. फेटा बांधून झाला आणि मुलगी पाहायची राहिली, असा हा कारभार मला फार खटकत असे. ज्युलियस श्वार्ट्झची हकीकत कळल्यापासून मी गप्प आहे.

श्वार्ट्झ न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला, जन्म १९१५चा. दुसऱ्याच्या डोक्यातून कथा काढण्यात तरबेज. १९३४मध्ये, जेमतेम एकोणीस वर्षांचा असताना, त्याने एका मित्राला सोबत घेऊन विज्ञानकथांची दलाली सुरू केली. लव्हक्राफ्ट या लेखकाची एक लांबलचक भयकथा साडेतीनशे डॉलरना विकली आणि आपले पस्तीस कापून घेतले. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर पेपर विकणाऱ्या रे ब्रॅडबरी नावाच्या पोराची पहिली कमाईची कथाही त्यानेच खपवली, साडेसत्तावीस डॉलरना. ती होती ब्रॅडबरीने आणखी एकासोबत मिळून लिहिलेली. दलाली आणि वाटणी झाल्यावर हाती काय उरलं, हे मराठी लेखकाला सांगायला नको.

१९४४मध्ये कॉमिक्सच्या एका कंपनीत संपादकाची जागा निघाली. गड्याने तोवर कॉमिक्स वाचलेली नव्हती. मुलाखतीला जाताना विकत घेतली आणि भुयारी रेल्वेत बसून चाळली. आम्ही पेपरच्या आदल्या रात्री गाईड उघडायचो, तसंच. फरक एवढाच की त्याची नोकरी बेचाळीस वर्षं टिकली.

आणि तिथेच तो फेट्याचा कारभार. आधी मुखपृष्ठाचं चित्र काढून घ्यायचं, ते लेखकापुढे टाकायचं आणि म्हणायचं, आता यातून सुटून दाखव. १९५१च्या 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स'च्या आठव्या अंकावर पिंजऱ्यातला गोरिला होता. आपण मुळात माणूस असून एका प्रयोगात फसलोय, असं तो बिचारा एका बाईला लिहून कळवत होता. अंक तडाख्यात खपला. खपाचं श्रेय कथेला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं, मिळालं गोरिलाला. मग कंपनीतल्या प्रत्येक संपादकाला गोरिला हवा झाला. शेवटी महिन्याला एकच, असं रेशनिंग करावं लागलं म्हणे.

पण या उलट्या धंद्यातून अस्सल मालही निघाला. १९६१च्या 'फ्लॅश' या सुपरहिरोच्या कॉमिकच्या एका मुखपृष्ठावर मधे भिंत, अलीकडे नवा फ्लॅश, पलीकडे जुना, आणि दोघे एकाच माणसाला वाचवायला धावताहेत. अडचण अशी की जुना हा नव्याच्या जगात केवळ कॉमिकमधलं पात्र होता. कथा लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्सने तोड काढली: जगं दोन आहेत. मग जुन्याच्या गोष्टी इकडे छापून कशा आल्या? तर गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाला त्या स्वप्नात दिसायच्या! लेखकाने स्वतःचं नाव असं गोष्टीत घुसवून पळवाट काढावी, याला मी नुसती हुशारी म्हणणार नाही. हा गळ्यात पडलेल्या चित्राचा वचपा आहे.

यंदा फोन आला तेव्हा मीच विचारलं, "मुखपृष्ठावर काय आहे?"

"नऊवारीतली बाई. हातात पणती."

"गेल्या वर्षीचीच?"

"नथ वेगळी आहे."

"तिच्यामागे एक पिंजरा चालेल का?"

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "चित्रकाराला विचारून सांगतो."